दिवाळीच्या सफाईत गेलेली पत्रिका

या विश्वात घडवणारा, सांभाळणारा आणि मोडणारा असे तिघे वेगवेगळे असतात, असं तुम्ही ऐकलं असेल, मित्रांनो. ही तिन्ही खाती माझ्या एकट्याकडे आहेत. कार्यक्षेत्र मात्र बोरगाव मेघेतल्या लग्नपत्रिकांच्या एका प्रेसमधल्या, उशीचा अभ्रा घातलेल्या संगणकापुरतं.

मी एक जुना फाईल-ऑब्जेक्ट आहे. विंडोजच्या घरातला न दिसणारा गडी. फायली बनवणं, हलवणं, पुसणं ही माझी कामं. प्रोग्रॅम कुठल्याही भाषेत लिहा. 'क्रिएट ऑब्जेक्ट' म्हणून माझं नाव घेतलं की मी हजर. भाषा विचारत नाही आणि, घराण्याची रीतच आहे, कारणही विचारत नाही.

तरुणपणी माझं कौतुक फार. ऑपरेटर धनंजय वर्ध्याला क्लास लावून प्रोग्रॅमिंग शिकला होता. त्यानं एक बटन केलं; ते दाबलं की मी नव्या पत्रिका आपापल्या खान्यात लावायचो. मालक नत्थूजी गिऱ्हाइकांना चहा पाजून ते दाखवत. त्यांना वाटे, काम बटनच करतं. असो.

२००१ची दिवाळी आली. प्रेसमधली रद्दी निघाली, माळा निघाला. मग नत्थूजींची नजर संगणकावर गेली.

"धनंजय, यातलं जुनं-पुरानं बी काढ. दोन साल पहिलेच्या नवऱ्या काऊन सांभाळून राह्यला?"

"काढतो ना, काका."

आता, त्या संगणकाच्या घड्याळाचा सेल केव्हाच मेला होता. नत्थूजी रोज मेन स्विच बंद करून घरी जात, आणि संगणक रोज सकाळी १९८० सालात उठे. त्यामुळे कालची पत्रिकासुद्धा १९८०ची. कोणाचं काही अडत नव्हतं. पण सणाचं काम बरोबर तारखेला व्हावं म्हणून धनंजयनं त्या दिवशी आधी तारीख दुरुस्त केली, आणि मग मला सांगितलं, दोन वर्षांपेक्षा जुनं सगळं पूस.

मी पाहिलं. सगळ्याच नवऱ्या एकवीस वर्षांच्या. पुसल्या. कचऱ्याची टोपली असते, पण ती माउसनं पुसणाऱ्यांसाठी. माझ्या हातचं थेट जातं.

दुपारी बबनराव आले. त्यांच्या मुलीची, मयुरीची पत्रिका त्याच दिवशी छापायची होती. उद्या पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची. कोणाचं नाव कोणाच्या वर, हे त्यांच्या दोन भावांना पडद्यासमोर बसवून, भांडून ठरलेलं. 'कागद कशाले खराब करता' म्हणून प्रूफ काढलंच नव्हतं.

"ऑब्जेक्टनं उडवली, काका," धनंजय पुटपुटला.

"कोण हा ऑब्जेक्ट? बोलाव त्याले!"

धनंजयनं मला खरंच बोलावलं. फोल्डर रिकामा आहे, असं मी सांगितलं. बबनरावांचं समाधान झालं नाही.

नावांचा क्रम पुन्हा सांगायला दोघे भाऊ आले.

"माह्यं नाव दुसरं होतं," महादेवराव म्हणाले.

"दुसरं माह्यं होतं," तानबा म्हणाले. "तुमचं जावयाच्या खाली होतं."

"जावयाच्या खाली? मंग मी लग्नाले येतच नाई!"

"नका येऊ! पंगतीत एक पान वाचते!"

आता पत्रिका राहिली बाजूला, लग्नघरच फुटायला आलं. तेवढ्यात मयुरी आली. थोडं ऐकलं, आणि म्हणाली, "बाबा, नवरा-नवरीचं नाव आठवते ना? तेवढं टाका. खाली 'समस्त परिवार'. झालं."

धनंजयनं टाइप केलं. कोणीच कोणाच्या वर नाही म्हटल्यावर रुसायचं कोणावर, हे कोणाला कळेना. पत्रिका मशीनवर चढली. लग्नाला दोघे काका आले. एक तक्रार करायला, दुसरा ती खोडायला. दोघेही पोटभर जेवले.

श्रेय नत्थूजींना मिळालं. 'नवी फॅशन आहे,' असं ते सांगत सुटले.

आणि मी? पत्रिका छापायला धनंजय धावला, तो मला विसरूनच. आम्हाला मोकळं करायला एक ओळ लिहावी लागते, पाहुण्याला 'या आता' म्हणावं तशी. ती त्यानं लिहिलीच नाही. रात्री मेन स्विच बंद होईपर्यंत प्रोग्रॅम उघडा आणि मी मेमरीत उभा.

मित्रांनो, फायली जपा, तारखा जपा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं म्हणणं एवढंच आहे: काम झालं की आम्हाला 'जा आता' म्हणत जा. पाठ अवघडते हो.