तोंडाने फुंकणाऱ्यांच्या देशात

मी फांगुफांगु बोलतेय. हसलात? हसून घ्या. पॅसिफिक महासागरातल्या आमच्या टोंगा बेटांवरची पोरंही हसतात. मी नाकाने वाजवायची बासरी आहे. एक नाकपुडी अंगठ्याने दाबायची आणि दुसरीतून माझ्यात श्वास सोडायचा.

लाताईच्या आत्याने मला बांबूच्या एका पेरातून घडवलं. तापल्या सळईने भोकं पाडली. "सरदाराला हाका मारून उठवायचं नसतं," ती म्हणायची, "हिच्या सुराने हळूच जागं करायचं." म्हातारी होती तोवर माझा रुबाब होता. ती गेली. लाताई शिक्षिका झाली आणि मला राजधानीतल्या, नुकुआलोफातल्या आपल्या शाळेत घेऊन आली. तिथून माझी विटंबना सुरू झाली.

त्या शाळेत संगीत म्हणजे पितळी बँड. बँडमास्तर मोसेसे पोरांकडून एकच पाठ घोकून घेत: 'मिशनरी येण्यापूर्वी आपल्याकडे नुसता गोंगाट होता. त्यांनी आपल्याला संगीत दिलं.' हे शिकवणारा कोणी गोरा नव्हता, आमचाच माणूस! मी कपाटात पडल्या पडल्या ऐकायची आणि जळायची.

एके दिवशी मास्तरांनी मला हॉटेलला देऊन टाकायचं ठरवलं. बारच्या वर, भिंतीला ठोकायला.

"शोभेला बरी आहे," ते म्हणाले.

"एक तास द्या मला," लाताई भांडली. "एकाही पोराला ही हवीशी वाटली नाही, तर खुशाल न्या."

"घे. मीही मागच्या बाकावर बसतो. बघू तुझी जादू."

लाताईने मला टेबलावर ठेवलं, पण वाजवलं नाही. म्हणाली, "लिहा. समजा, आपलं जहाज पहिल्यांदाच लंडनला पोचलंय. तिथले लोक कसं वाजवतात, ते घरी कळवा."

सगळ्यांत आधी उठली कालोलाइने. बँडमध्ये कॉर्नेट ही छोटी पितळी तुतारी वाजवणारी, मास्तरांची लाडकी. आदल्याच दिवशी तिने माझं नाव 'शेंबडी' ठेवलं होतं. ती वाचू लागली:

'इथली माणसं ज्या तोंडाने मटण चावतात, शिव्या देतात, त्याच तोंडाने पितळेच्या नळीत फुंकतात. मध्येच नळी उलटी करून थुंकी जमिनीवर सांडतात. यांचा राजा रोज सकाळी दचकून उठतो.'

"अगं, काल माझ्या बुटावर तूच सांडलीस की!" बँडमधला विलिसोनी ओरडला. वर्ग खिदळला. कालोलाइनेही हसली आणि पुढे वाचू लागली:

'बिचारे अडाणी! आम्ही येण्यापूर्वी यांच्याकडे नुसता गोंगाट होता. आम्ही यांना संगीत देऊ.'

हसणं तिथेच विरलं. ते वाक्य वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

"कोणाचं वाक्य आहे हे?" मास्तर गरजले.

"तुमचंच, सर. मी फक्त जहाज उलटं फिरवलं."

"थोरामोठ्यांची टिंगल करतेस? बँडचा गणवेश उद्या परत आणून दे, पोरी!"

कालोलाइनेने मला उचललं आणि मास्तरांपुढे धरलं. "देते, सर. पण आधी ही वाजवून दाखवा."

मास्तरांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. नाक कुठल्या भोकाला लावायचं, तेही त्यांना कळेना.

"मला नाही येत," ते पुटपुटले.

"तुमच्या वडिलांना तरी ही वाजवताना कधी ऐकलं होतं?"

"नाही."

"मग गोंगाट होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मास्तरांनी मला टेबलावर आदळलं आणि ते निघून गेले. त्या आदळण्याने माझ्या कडेला बारीक चीर गेली. हॉटेलला मात्र मी गेले नाही. कालोलाइनेने मला मागून घेतलं.

तिचा गणवेश गेला तो गेलाच. मास्तर अजून तोच पाठ घोकून घेतात. आणि ती मला फार वाईट वाजवते. अर्धा श्वास बाहेरच जातो, विलिसोनी कानात बोटं घालतो. चालेल! भिंतीवर माझं कौतुक झालं असतं, इथे माझ्यावरून भांडणं होतात. मला भांडणं आवडतात.

तुमच्याही कपाटांत माझ्या बहिणी पडल्या असतील. त्यांची कीव करू नका, त्यांना रानटीही म्हणू नका. आधी वाजवायला शिका. तोवर तोंड बंद ठेवा. नाकाने श्वास घेता येतो.