पावसाआधी काढलेले कपडे

निळा चिमटा... नेव्ही ब्लू मोज्यांची जोडी, तोंडाला तोंड लावून, वर एकच निळा चिमटा. ती जोडी टॉवेलांच्या घडीवर, टॉवेल घरातल्या लाँड्रीच्या खोलीतल्या टोपलीत, आणि सगळं कोरडं. मयूराने टोपलीत हात घालून पार तळापर्यंत चाचपलं. तळाचा उशीचा अभ्राही कोरडा. बाहेर अंगणातली दोरी रिकामी होती आणि तिच्यावरून थेंब गळत होते, लॉनच्या खोलगट कोपऱ्यात पाणी साचलं होतं — म्हणजे पाऊस चांगला तासभर तरी पडला असणार, आणि तो यायच्या आत कुणीतरी सगळे कपडे काढून, घरात आणून, घड्या घालून ठेवले होते. सकाळी आठला कुलूप तिने स्वतः लावलं होतं. प्रणव त्याच्याही आधी, साडेसातला, डबा घेऊन, सावनीला शाळेत सोडायला म्हणून निघाला होता.

काल मंगळवारी टोपली मागच्या पडवीत होती, म्हणून काल शंकेला जागा नव्हती. म्हणजे होती, पण तिला शेजारच्या लोरेनचं नाव देता येत होतं. सोमवारी दिवसभर उत्तरेचा, वाळवंटाकडचा वारा, एकतीस डिग्री, शेतांवरची धूळ दातांत. मंगळवारी दुपारी दोनला वारा एकाएकी नैर्ऋत्येकडून आला आणि गारा पडल्या. मयूरा तेव्हा कामावर, जवळच्या व्हर्जिनिया गावातल्या ग्लासहाउसमध्ये काकडीच्या ओळीत होती, डोक्यावर नुसता तडतडाट, आणि तिच्या मनात एकच, की दोरीवर पाच चादरी आहेत. घरी येऊन बघते तर चादरी पडवीत, घडी करून. लोरेनला कुंपणावरून विचारलं, तर ती म्हणाली, "नॉट मी, लव्ह. माझं गुडघ्याचं काय ते तुला माहीत आहे." मग अजून काहीतरी सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं आणि मयूराने घाईने थँक्यू म्हणून पाठ फिरवली. कुणाला पाहिलंत का, हे विचारलं असतं तर आपल्या घरातला संशय कुंपणापलीकडे गेला असता, आणि लोरेनकडे गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या अँगल व्हेल गावात फिरते.

रात्री जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं होतं.

"चादरी तू काढल्यास का रे?"

"मी? मी ऑफिसात होतो ना." प्रणव भात कालवत राहिला. "लोरेन असेल."

"ममा, कॅन आय हॅव मोअर दही?" सावनी म्हणाली, आणि विषय संपला.

उत्तर फार पटकन आलं होतं. खरं बोलणारा माणूस आधी थोडा गोंधळतो — चादरी? कुठल्या चादरी? हा गोंधळला नाही. पण तिने तेव्हा ते सोडून दिलं. तिचं कामच असं आहे, की दिवसभर पानाची मागची बाजू उलटून बघायची, भिंगातून फुलकिडे मोजायचे, पिवळ्या चिकट कार्डांवर किती पांढऱ्या माश्या अडकल्या ते लिहायचं. कीड डोळ्यांना दिसायला लागते तेव्हा आठवडा उलटून गेलेला असतो, हे ती नव्या मुलांना शिकवते. असं काम करणारी बाई घरी येऊन नवऱ्याच्या वाक्यांची मागची बाजू उलटायला लागली तर संसार कसा व्हायचा, असं स्वतःलाच हसून ती झोपली होती.

पण आता हा चिमटा. ही चिमट्याची सवय या पूर्ण गल्लीत एकाच माणसाची आहे. मॉसन लेक्सला युनीत शिकत असताना ते सहा मुलगे एका घरात राहायचे, एकच दोरी, सगळ्यांचे मोजे निळे नाहीतर काळे. म्हणून प्रणव आपली जोडी एका चिमट्यात धरून वाळत घालायचा आणि त्याच चिमट्यासकट काढून ठेवायचा. लग्नानंतर ती त्याला यावरून चिडवायची. चिमट्यांचा डबा रिकामा आणि मोज्यांच्या खणात दहा चिमटे. आज मोजे तिने वाळत घातले होते, एकेक, वेगळे.

म्हणजे हा दिवसा घरी येतो. बरं, येतो तर सांगत का नाही?

दुसरी बाई... हा विचार तिने पाचेक मिनिटं प्रामाणिकपणे करून पाहिला. पण बाईसाठी घरी येणारा माणूस धुणं काढून अभ्र्यांच्या घड्या घालत बसेल हे तिला काही केल्या पटेना; आणि प्रणव तर नाहीच नाही. आजारी आहे? डॉक्टरांकडे जातो? मग तिला डबा आठवला. ओट्यावर पडलेला कालचा डबा तिने उचलून उजेडात धरला. फ्लॉवरची भाजी दिली होती, बऱ्यापैकी तेल, हळद. ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की या प्लास्टिकला आत पिवळं वर्तुळ बसतं, घासून जात नाही. तिने त्याआधीचा जुना डबा काढून शेजारी ठेवला. त्यावर जुनी वर्तुळं, एकात एक. हा नव्या जोडीतला, मागच्या आठवड्यातल्या सोमवारपासून आलटून-पालटून दिलेला, आणि आत डाग नाही. आठ दिवस हा माणूस गार जेवतोय... घरी येऊनसुद्धा गरम करून घेत नाही. म्हणजे घरी बसत नाही. कुठेतरी गाडीत बसून जेवतो, आणि ढग आले की येतो, कपडे काढतो, जातो.

ऑफिस नाहीच आहे तर. हे तिला एकदम, कसलाही आवाज न होता समजलं, आणि ती डबा हातात धरून उभी राहिली.

कारण खोटं बोलणं त्याला येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? युनीत दुसऱ्या वर्षी तो एका सेमिस्टरला नापास झाला, पूर्ण, चारही विषय. आणि पुण्याला आईला वर्षभर कळू दिलं नाही. आम्ही नुकते एकत्र फिरायला लागलो होतो. तिचा फोन आला की तो माझ्याकडे द्यायचा, आणि मी, जिला त्या बाईने पाहिलंही नव्हतं, मी गोड आवाजात सांगायचे, 'काकू, तो लायब्ररीत गेलाय, खूप अभ्यास चाललाय हो.' मग आम्ही दोघं हसायचो. किती हसायचो! तेव्हा मला त्यात प्रेमच दिसलं होतं, की त्या खोट्याच्या आत आम्ही दोघंच आहोत. आता त्याच्या आत कोण असेल? कुणीच नसेल. आणि मी आता काकूंच्या जागी उभी आहे.

संध्याकाळी तो आला, बूट काढले, सावनीच्या पाठीवर थाप मारली.

"तुमच्याकडे पडला का पाऊस?" तिने विचारलं.

"थोडासा. खिडकीतून दिसला." त्याने मान वर केली नाही. "मीटिंगमध्ये होतो."

त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. लाँड्रीतली टोपली त्याला दिसत होती, तिलाही दिसत होती, निळा चिमटा वरच होता. कपडे आत आणून ठेवण्याची चूक त्याने कशी केली? पाऊस तिरका होता, पडवीत भिजले असते, तेवढंच डोक्यात आलं असेल. की त्याला सापडायचंच होतं?

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं निळं होतं, गार वारा, पाऊस नाही. तिने कपाटातले स्वच्छ टॉवेल काढून पुन्हा धुतले. स्वच्छ टॉवेल! आईने पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. दुपारी परत आली तर टॉवेल दोरीवर जसेच्या तसे, वाळून खरखरीत झालेले. तर मग ऊन असलं की तो येत नाही. तिला विजय झाल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली.

त्या संध्याकाळी, टॉवेल काढता काढता, तिला विक्रांत आठवला. विक्रांत म्हणजे त्या सहा मुलांमधलाच एक, आता सिडनीला गिरावीनमध्ये असतो. जूनमध्ये त्याची नोकरी गेली. त्याने दीड महिना बायकोला सांगितलं नाही, रोज ट्रेनने जायचा आणि लायब्ररीत बसायचा. हे कळलं तेव्हा इथे, या पडवीत, चहा पिताना मयूरा काहीतरी बोलली होती. काय बोलली होती... प्रणवचं तेवढं आठवतं. त्याने बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं, आणि तो चमच्याने ते शोधत राहिला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा उत्तरेचा वारा. सातलाच गरम. पलीकडच्या शेतात कापून पडलेल्या गवताचा वास घरभर. फोनवर एकच्या सुमाराला वारा फिरून गार होण्याचा चेंज दाखवत होता, वादळी सरींसह. मयूराने प्रणवचे पाच पांढरे शर्ट, ऑफिसचे, इस्त्री करून टांगलेले, हँगरवरून काढले आणि मशिनमध्ये टाकले. मग ती ते एकेक करून दोरीवर लावत होती, तेव्हा तो डबा घेऊन मागच्या दारात आला. शर्ट पाहिले. ते स्वच्छच होते हे त्याला माहीत होतं.

"आज पाऊस आहे दुपारी," तो म्हणाला.

"हो का?"

"एक वाजता म्हणतायत."

"असू दे," ती म्हणाली. तिच्या तोंडात चिमटा होता.

वाऱ्याने एका शर्टाची बाही त्याच्या खांद्यावर येऊन पडली, ती त्याने काढून नीट खाली सोडली. त्याचे डोळे थकलेले होते. हे तिला आज दिसलं, तीन दिवसांत पहिल्यांदा, कारण तीन दिवस ती त्याच्या डब्याकडे, मोज्यांकडे, वाक्यांकडेच बघत होती. तो काही बोलेल असं तिला वाटलं. आतून सावनी ओरडली, "डॅड, वुई आर सो लेट!" आणि तो गेला.

साडेबाराला ग्लासहाउसच्या वरच्या झडपा मोटरने आपोआप मिटायला लागल्या. वारा पडला होता. पिवळ्या कार्डावर फुलकिडे खच्चून होते, उत्तरेचा वारा त्यांना शेतांतून उचलून आणतो. तिने एकेचाळीसपर्यंत मोजले आणि आकडा चुकला. सुपरवायझर म्हणाला, वादळ येतंय, हवं तर लवकर जा, नो वरीज. गाडीची किल्ली तिच्या हातात होती. बारा मिनिटं. आता निघाली तर गल्लीच्या तोंडाशी थांबून सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल: गाडी आहे का, दार उघडं आहे का, तो दोरीजवळ आहे का. तीन दिवस तिला हेच हवं होतं. नाही, तीन दिवस तिला वेगळंच हवं होतं, शर्ट चिंब भिजलेले हवे होते. शर्ट भिजले असते तर तो ऑफिसात आहे, खिडकीतून पाऊस बघतोय, आणि ती मूर्ख बाई आहे. मूर्ख ठरायला ती आनंदाने तयार होती.

आणि किल्ली हातात धरून उभी असताना ते वाक्य तिला आठवलं, जसंच्या तसं, स्वतःच्या आवाजात. 'असल्या माणसाबरोबर मी एक दिवस राहिले नसते.' चहाचा घोट घेऊन, हसत. तो चमच्याने बिस्किट शोधत होता.

मीच म्हटलं होतं. मग तो कुणाला सांगणार? लोरेनला?

दक्षिणेकडून आभाळ काळं होत आलं. पाच शर्ट, दहा चिमटे, घाई केली तर दोन मिनिटांचं काम. तो कुठे असेल — नदीकाठच्या रिझर्व्हमधल्या झाडांखाली, की शाळेमागच्या पार्किंगमध्ये, गार भाजी-पोळी मांडीवर घेऊन, काचेतून ढगांचा अंदाज घेत? आज मी मुद्दाम लावलेत हे कळूनही येईल? येऊ नये, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. ते जमलं नाही. पहिले जाड थेंब छतावर फुटले, मग एकदम सगळं छत वाजायला लागलं, आणि काकडीच्या ओळीत, भिजायचं काहीही कारण नसताना, मयूरा दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

काढ रे, ती म्हणत होती, मोठ्याने, कारण त्या आवाजात कुणालाच ऐकू जाणार नव्हतं. काढ, लवकर काढ, भिजतील ना.