चांदण्यातल्या बांबूची रोवळी

माझ्या तळाशी एक पत्र चार वर्षे पडून होते. ते माझ्या नावाने आलेले नव्हते आणि त्याला उत्तर लिहिणेही माझ्या हाती नव्हते. तरीही मित्रांनो, ते तसेच राहिले यात माझा थोडा वाटा आहे. किती, ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही. म्हणून सगळेच सांगते. तुम्हीच ठरवा.

मी बांबूची एक जुनी रोवळी आहे. तुमच्या घरी तांदूळ नळाखाली पातेल्यात धुत असतील, तर तुम्ही मला ओळखणार नाही. रोवळी म्हणजे तांदूळ धुण्याची विणलेली टोपली. तळ चौकोनी, तोंड गोल. पाणी निघून जाते, दाणा राहतो. माझे काम एवढेच. ते फार मोठे नाही, हे मला ठाऊक आहे.

महाडहून शिवथरच्या घळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहान वाडी आहे. तिथल्या ठकूबाईंनी मला विणले. त्या वाडीतल्या बायकांनी मिळून रस्त्याच्या कडेला एक मांडव घातला होता. घळ पाहायला येणारे प्रवासी तिथे थांबत. सुपे, टोपल्या, रोवळ्या हातात घेऊन पाहत. गटाचा नियम सरळ होता. जिने वस्तू विणली तिचे नाव वस्तूवर, आणि दामही तिच्याच हातात. मध्ये कोणी दलाल नाही.

नावाच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम सहदेवकाकांकडे होते. ते ठकूबाईंचे धाकटे दीर. महाडच्या एका वाचनालयात त्यांनी तीस वर्षे पुस्तके लावण्यात घालवली होती. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी जमली की ते अभिवादन करून पुस्तकांच्या दुकानांकडे वळत आणि पिशवी भरून घरी येत. बोलायला मात्र फार लाजत. गिऱ्हाईक मांडवात शिरले की ते उठून मागे जात. पण अक्षर मोत्यासारखे. त्यांनी पावसाळ्यातच शंभर चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या: "ही वस्तू ठकूबाईंनी आपल्या हातांनी विणली आहे. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडलेला असल्यामुळे हिला भुंगा लागत नाही."

हे वाक्य खोटे नव्हते. आमच्याकडे बांबू तोडतात तो अंधाऱ्या पक्षातच. ठकूबाईंना हे त्यांच्या सासूने शिकवले. चांदणे वाढू लागले की बांबूच्या अंगात गोडवा भरतो आणि गोडव्याला भुंगा येतो, असे त्या म्हणतात.

पण पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत इतके प्रवासी आले की भाऊबीजेला मांडव रिकामा झाला. सुट्ट्या अजून उरल्या होत्या. ठकूबाई दुसऱ्याच दिवशी कोयता घेऊन बांबूच्या बेटात गेल्या. तेव्हा पक्ष उजेडाचा लागलेला होता. त्यांनी एक बांबू तोडला, आणि त्या एकाच बांबूतून दोन रोवळ्या झाल्या. एक ती आणि एक मी.

तिची वीण माझ्याहून सरस होती असे नाही. काठही दोघींचे सारखेच. फक्त माझ्या तळाचा एक कोपरा किंचित उंच राहिला. जमिनीवर ठेवले की मी डुलते.

आम्ही विणून झालो त्याच दिवशी नाशिकच्या अनुपमाताई मांडवात आल्या. घळ पाहून त्या पोलादपूरमार्गे महाबळेश्वरला निघाल्या होत्या. त्यांनी आधी मला उचलले. हो, आधी मला! उजेडात धरून माझ्या विणीतून पलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "किती सुरेख!" माझ्या आयुष्यात मला कोणी सुरेख म्हटले ते तेवढेच. मग त्यांनी मला फळीवर ठेवले आणि मी डुलले. त्यांनी हात पुढे केला आणि तिला उचलले.

ती डुलली नाही.

ठकूबाईंनी तिच्या काठाला चिठ्ठी बांधली. तिला वर्तमानपत्रात गुंडाळले. गाडीच्या मागच्या आसनावर ती एखाद्या पाहुणीसारखी बसली आणि गेली. मला ठकूबाईंनी स्वयंपाकघरात नेले. "डुलतीला कोन घेनार? चल, तांदूळ तरी धू," म्हणाल्या.

वर्षभर मी रोज दोन वेळा तांदळाच्या पाण्यात बुडत होते आणि उरलेला वेळ चुलीवरच्या खुंटीला लटकत होते. धुराने माझा रंग आधी मधासारखा झाला, मग काळपट. डोळे असते तर ते चुरचुरले असते. मी मनात म्हणायची, ती आत्ता काय करत असेल? मला तिचा हेवा वाटत होता. तो सकाळी तांदळाबरोबर यायचा, पण पाण्याबरोबर जात नव्हता.

पुढच्या दिवाळीत ठकूबाईंच्या सुनेने, सरिताने, स्टीलची चाळणी आणली. ती चटकन धुतली जात होती आणि काळी पडत नव्हती. मला सहदेवकाकांच्या खोलीत पाठवण्यात आले. तिथे पुस्तकांच्या फळीवर माझ्या पोटात सुतळीची गुंडी, डिंकाची बाटली आणि कोऱ्या चिठ्ठ्या राहू लागल्या. तांदळाला जागलेल्या रोवळीला कागद सांभाळायला लागावे! पण तक्रार कोणाकडे करणार?

महिन्याभराने ते पत्र आले. काका एकटे असताना हलक्या आवाजात वाचतात, म्हणून मला कळले.

"ठकूबाईंना नमस्कार. तुमची रोवळी मी बैठकीच्या भिंतीवर लावली आहे. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबतो. मी सगळ्यांना तुमचे नाव सांगते. पण गेल्या महिन्यापासून तिच्याखाली पिठासारखा भुसा पडतो आहे. चिठ्ठीवर तर भुंगा लागत नाही असे लिहिले आहे. म्हणजे माझेच काही चुकले असणार. मी काय करू, ते कळवाल का? आपली, अनुपमा."

बैठकीच्या भिंतीवर! येणारा प्रत्येक जण थांबतो! मित्रांनो, मी एवढेच ऐकले. आणि पुढे भुशाचे ऐकले तेव्हा मला बरे वाटले. हे सांगताना मला लाज वाटते, पण वाटले खरे. एकाच बांबूच्या आम्ही. तिला भिंत मिळाली, मला धूर मिळाला. धुरात भुंगा टिकत नाही; आता धूर किती उपयोगाचा, ते तिला कळू दे, असे मला वाटले.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. रोवळी कोणत्या बांबूची होती, हे त्यांना आठवत होते. त्यांनी उत्तर लिहायला घेतले. "कळविण्यास अत्यंत खेद होतो" असे लिहिले. "अत्यंत" खोडले. मग "खेद" खोडला. मग कागदच फाडला. खरे लिहावे तर वहिनींच्या नावाला बट्टा. खोटे लिहावे तर स्वतःच्या अक्षराला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्राची घडी केली आणि सुतळीच्या गुंडीखाली माझ्या तळाशी ठेवली.

त्या घडीचा एक कोपरा माझ्या विणीत शिरला. पुढे दोनदा काकांनी आत हात घालून ते ओढले. मी सोडले नाही. वीण आवळून धरता येते का, असे तुम्ही विचाराल. मलाही शंका आहे. कदाचित ते नुसतेच अडकले असेल. पण सोडावे असे मला वाटले नाही, हे नक्की. आणि काकांनीही जोर लावला नाही. "राहू दे, फाटेल," असे पुटपुटून ते पुस्तक घेऊन बसायचे. आम्ही दोघे एकमेकांच्या आडोशाला चार वर्षे काढली.

यंदाच्या कार्तिकात ठकूबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. बरोबर सरिता होती. ठकूबाईंना आता बारीक दिसत नाही. सुनेला जुन्या वळणाचा काठ शिकवायचा होता आणि त्या वळणाची रोवळी घरात मी एकटीच.

"भावजी, ती डुलती द्या हिकडं."

काका गडबडीने उठले. "वहिनी, मी रिकामी करून आणून देतो."

"तुमी रिकामी करनार म्हंजे पुढल्या दिवाळीला मिळनार," असे म्हणत ठकूबाईंनी मला उपडे केले. सुतळी पडली, डिंक पडला, चिठ्ठ्या पसरल्या. पत्र तेवढे लटकत राहिले.

"ह्ये काय अडाकलंय?"

"जुना कागद आहे. राहू द्या."

"तुमी कागदाला राहू द्या म्हनता तवा त्यात कायतरी असतंच." त्यांनी पत्र ओढले. कोपरा माझ्याकडे राहिला, बाकीचे त्यांच्या हातात गेले. "सरिता, वाच गो."

सरिताने वाचले. "माझेच काही चुकले असणार" इथे ती अडखळली. तिने तारीख पाहिली. "आई, चार वर्सं झाली याला."

ठकूबाई खाली बसल्या. "त्या उजेडातल्या बांबूची ना ही?"

"हो," काका म्हणाले.

"मी सांगितलं व्हतं, ह्या दोघींना ती चिठ्ठी नको."

"तुम्ही सांगितलं होतं. पण चिठ्ठ्या आधीच लिहून झाल्या होत्या, वहिनी. आणि अक्षर चांगलं आलं होतं."

"अक्षराला भुंगा लागला नाय, ह्ये बरं झालं!" सरिता म्हणाली. कोणी हसले नाही. मग काकाच थोडे हसले आणि त्यांचे डोळे भरले.

"सांगून गप कशी बसले मी? गिऱ्हाईक व्हतं ना समोर! बांबू तोडला मी, चिठ्ठीबी बांधली मीच." ठकूबाईंचा आवाज चढला. "पर उत्तर का नाय धाडलं तुमी?"

"तुमचं नाव खराब होईल म्हणून."

"नाव माझं, आनि राखायचं तुमी? त्या बायच्या भिंतीखाली चार वर्सं माझं नावच सांडतंय, भावजी. आनि ती बसलीय सवताला बोल लावत!"

काका खाली वाकून पसरलेल्या चिठ्ठ्या गोळा करू लागले.  त्या क्षणी मला पहिल्यांदा ती दिसली. भिंतीवर कोरडी पडलेली, आतून पोखरलेली. तिला कोणी पाण्यात बुडवले नव्हते, धुरावर टांगले नव्हते. सगळे तिच्यापुढे थांबत होते आणि तिला एकदाही तांदूळ लागला नव्हता. मी पाच वर्षे हेवा करत होते तो याचा.

"लिवा," ठकूबाई म्हणाल्या.

काकांनी कागद घेतला. "सप्रेम जयभीम. आपले कृपापत्र..."

"कृपा नको. चूक आमची हाय, तुमची नाय, ह्ये आधी लिवा."

काकांनी लिहिले. पुढे ठकूबाई सांगत गेल्या आणि काका लिहीत गेले, एकही शब्द न खोडता. बांबू चांदण्यात तोडला होता. तुमच्याकडच्या रोवळीत काही जीव उरला असेल तर पाठवून द्या, नव्या पट्ट्या घालून धुरावर धरून देते. तोवर दुसरी पाठवते आहे. ती त्याच बांबूची आहे, पण वर्षभर चुलीवर होती म्हणून वाचली.

दुसरी कोणती, हे मला कळेना. मग ठकूबाईंनी मला उलटे करून माझ्या तळावर बोटांची पेरे वाजवली. "टनक हाय," त्या म्हणाल्या.

सरिता म्हणाली, "आई, आनि काठ शिकायचा कसा?"

"माझे हात हायत ना? डोळं गेलं, हात नाय गेलं."

"मग हिचा तो कोपरा तरी सरळ करा."

"नको. डुलती हाय तर डुलतीच जाऊ दे."

सहदेवकाकांनी नवी चिठ्ठी लिहिली. या वेळी फार वेळ लागला नाही. "ठकूबाईंनी विणली. बांबू उजेडात तोडलेला आहे. तळाला डुलते. हिच्यात तांदूळ धुवावेत." ती माझ्या काठाला बांधली. मला वर्तमानपत्रात गुंडाळले, तिला गुंडाळले होते तसेच. पाच वर्षे मी याच कागदाची वाट पाहत होते आणि आत गेल्यावर मला चुलीची आठवण येऊ लागली.

सकाळच्या एसटीत औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या माणसांची दाटी होती. काकांनी मला मांडीवर दोन्ही हातांनी धरले होते. महाडच्या पोस्टात ते रांगेतून दोनदा बाहेर पडले. एकदा पत्ता तपासायला, एकदा पाणी प्यायला. तिसऱ्यांदा खिडकीशी पोचले.

"काय आहे यात, काका?" आतल्या बाईंनी विचारले.

"उत्तर."

"एवढं मोठं?"

"चार वर्षांचं आहे."

मित्रांनो, प्रवासात तुम्ही आमच्यासारखे काही विकत घ्याल, तेव्हा विणणाऱ्याचे नाव विचारा आणि घरी गेल्यावर आम्हाला कामाला लावा. भिंतीवर आम्ही छान दिसतो, पण जगतो हातात. आणि कोणी काही विचारले असेल तर उत्तर द्या. चांगले अक्षर नसले तरी चालेल.

आता एकच सांगायचे राहिले. ती परत आली तर ठकूबाई तिला मांडीवर घेतील. तिच्या सुटलेल्या पट्ट्या हाताने चाचपतील, सरिताला तिच्यावरच तो काठ शिकवतील आणि मग तिला माझ्या खुंटीला टांगतील. मला तिचा हेवा वाटतो. पूर्वीपेक्षा जास्त वाटतो. पण ती असावी. अजून असावी.

बाईंनी मला तराजूवर ठेवले. मी डुलले. त्यांनी एका हाताने मला स्थिर धरले आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारला.