नखभर चुना

मी एक जुनी, पितळेची चुन्याची डबी आहे, आणि मी रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब आवाजात बोलतात. मोडकी छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, आणि शेवटी सगळी हात जोडतात. मला हातच नाहीत. असते तरी या वेळी मी ते जोडले नसते.

मित्रांनो, माझा जन्म चिपळूणच्या एका तांबटाकडे झाला. त्याने मला ठोकून ठोकून लिंबाएवढा आकार दिला, घट्ट बसणारं झाकण दिलं आणि झाकणाला साखळीने एक चिमुकला चमचा बांधला. तो चमचा पाहिलात तर तुम्हाला हसू येईल. मुंगीला पेज भरवायला केला असावा, एवढाच आहे. पण तो चुकून लहान झालेला नाही. विड्याला चुना लागतो नखभर. त्याहून जास्त झाला की जीभ पोळते, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं सगळं शहाणपण त्या चमच्यात आहे.

दमयंती माझी मालकीण; तिच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात पानाच्या डब्याबरोबर दिलं. मी तिच्यासोबत रत्नागिरीजवळ भाट्याला, तिच्या सासरी आले. घर कौलारू, मागे पोफळींचं आगर, पलीकडे समुद्र. सुपारी घरची, पानवेल घरची, चुना मात्र पूर्णगडहून यायचा, खाडीतले शिंपले भाजून केलेला. दमयंती तो पाण्यात विझवून, गाळून, लोण्यासारखा मऊ करून माझ्यात भरायची. जेवणं झाली की मला बोलावणं आलंच. सोयरिकी ठरल्या त्या माझ्यासमोर, आणि बांधावरून झालेली भांडणं मिटली तीही माझ्यासमोरच. दमयंतीचे सासरे तर म्हणत, सुनेच्या हातचा विडा खाल्ला की जेवण पावलं.

पुढे माणसं पान खाईनाशी झाली. सासरे गेले, दमयंतीचा नवराही गेला. मुलगा श्रीपती आगर बघू लागला, सून हेमा शाळेत शिकवायला जाऊ लागली. त्या दोघांना पानाचं वेड नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर दमयंती एकटीच एक विडा लावायची आणि मला फ्रिजशेजारच्या कोनाड्यात ठेवून द्यायची. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. म्हातारपणी माणसाला काय, डबीला काय, रोज एकदा कुणी हातात घेतलं तरी पुरतं.

मग दमयंती पडली. पडली म्हणजे काय, अंगणात सुपारी पसरताना पाय घसरून नुसती खाली बसली, आणि तेवढ्याने तिच्या पाठीचा मणका चेपला. त्याआधी किती तरी महिने ती थकलेली असायची, सारखं पाणी प्यायची. घरच्यांनी वयावर ढकललं होतं.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी, ऋतिका त्यांचं नाव, रक्त तपासलं आणि कारण शोधून काढलं. श्रीपतीने घरी येऊन ते स्वयंपाकघरात सगळ्यांना समजावलं, म्हणून मलाही कळलं. दमयंतीच्या गळ्यात एक बारीकशी ग्रंथी बिघडली होती. ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत होती. हाडं पोकळ होत होती आणि रक्तात कॅल्शियम नको तेवढं साठत होतं. ग्रंथी काढायला कोल्हापूरला ऑपरेशन करायचं, पण त्याआधी रक्तातलं कॅल्शियम खाली यायला हवं. ते आलं नाही तर ऑपरेशन नाही, आणि वाढतच गेलं तर जिवाला धोका. त्यासाठी एक इंजेक्शन दिलं होतं. ते हाडांची झीज रोखतं आणि कॅल्शियम खाली आणतं.

ते इंजेक्शन फ्रिजमध्ये, माझ्या शेजारीच राहायला आलं. हेमा ते द्यायला दवाखान्यातल्या नर्सकडून शिकून आली होती. शाळेला जायच्या आधी ते थोडा वेळ बाहेर काढून ठेवायची. हात धुवायची, औषध स्वच्छ दिसतंय का ते उजेडात बघायची, आणि सासूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून हळूच टोचायची. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. वापरलेली सुई घट्ट झाकणाच्या डब्यात. सुई दिल्यावर दमयंतीचा चेहरा लालसर व्हायचा, जरा मळमळायचं. असं होऊ शकतं, हे नर्सने आधीच सांगून ठेवलं होतं. मला त्या सुईबद्दल आदर वाटायचा. तिचंही माप ठरलेलं होतं, माझ्या चमच्यासारखंच.

आणि मग गुहागरहून गोदा आली. गोदा म्हणजे दमयंतीची नणंद, श्रीपतीची आत्या. वहिनी आजारी म्हणून सेवेला आली. तिच्या मनात कपट नव्हतं, हे मी रागात असूनही सांगते. पण तिच्या फोनवर रोज सकाळी कुणीतरी ज्ञान पाठवायचं, आणि ते दुपारपर्यंत कुणाच्या तरी गळ्याखाली उतरवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्या ज्ञानात माझ्यातल्या चुन्याचं नाव होतं. चुना खा, हाडं लोखंडासारखी होतील.

गोदाने हिशेब सरळ केला. हाडं म्हणजे चुना. चुना झिजला, तर चुना घाला. घराची भिंत नाही का आपण चुन्याने लिंपत? श्रीपतीने सांगितलेली ग्रंथी, रक्त, ऑपरेशन, हे सगळं तिने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. तिने माझं झाकण उघडलं, माझा चिमुकला चमचा बाजूला सारला आणि चहाचा चमचा माझ्यात खुपसला.

मित्रांनो, त्या चमच्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सकाळी ताकात चुना, दुपारी आमटीत चुना, संध्याकाळी दह्यात चुना. जिभेला पोळतो म्हणून तुम्ही ज्याला नखभर मोजता, तो पोटात गेला की अमृत होतो काय? माझ्यात पुन्हा पुन्हा भर पडत होती, तीही आता बाजारातल्या प्लास्टिकच्या पुडीतून. हेमा सकाळी सुई देऊन शाळेत जायची, आणि तिची पाठ वळली की गोदा ताक घुसळायला बसायची.

हेमाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पेल्याच्या तळाशी पांढरा साका दिसायचा. तिने एकदा हळूच विचारलं, तेव्हा गोदा फणकारली, मी काय माझ्या वहिनीला विष घालत्ये? श्रीपती म्हणाला, आत्या मोठी आहे, कशाला उगाच बोलतेस. हेमा गप्प बसली. मोठ्यांचा मान राखायचा म्हणून एका आजारी बाईच्या पोटात रोज काय जातंय ते सगळ्यांनी बघायचं आणि कुणी बोलायचं नाही, याला आपल्याकडे संस्कार म्हणतात.

पुन्हा रक्त तपासलं. कॅल्शियम उतरायचं सोडून चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कॅल्शियमच्या गोळ्या वगैरे देता का? श्रीपती नाही म्हणाला. तो खोटं बोलला नाही, गोळ्या कुणी देतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ताटात काय असतं ते विचारलं नाही, आणि यांनी आपणहून सांगितलं नाही. माझा थोडासा राग त्या डॉक्टरीणबाईंवरही आहे. घरी आल्यावर गोदा म्हणाली, घरचं सगळं डॉक्टरला सांगायचं नसतं, ते रागावतात. सुईच लागू पडत नाहीये, चुना जरा वाढवू या. ऑपरेशन पुढे गेलं.

दमयंती माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली. कळशीभर पाणी प्यायची आणि तरी तोंड कोरडं. खाल्लेलं ओकायची. बोलताना शब्द शोधायची. एका दुपारी तिने सवयीने मला जवळ ओढलं, पान मांडीवर घेतलं आणि नुसती बघत राहिली. जन्मभर विडे लावलेल्या त्या बाईला पानाचं पुढे काय करायचं ते आठवेना. श्रीपती समोर आला, तर तिने पदर सावरला आणि पाहुण्याला विचारावं तसं अदबीने विचारलं, "आपण कोणाकडचे?"

श्रीपती रडला. मग त्याने गाडी काढली आणि तिला रत्नागिरीला नेऊन भरती केलं. गोदाही गेली, आणि चुना चुकता कामा नये म्हणून तिने मला पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात, दमयंतीच्या हाताला सलाईन लावलेलं असताना, गोदाने घरून आणलेलं ताक पेल्यात ओतलं आणि पदराआड मला उघडलं. ती ढवळत होती तेवढ्यात डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. गोदाने मला पटकन उशीखाली सारलं. डॉक्टरीणबाई हातातले रिपोर्ट बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, इंजेक्शनचा गुण का येत नाही तेच कळत नाही. खाटेच्या पायथ्याशी हेमा उभी होती. ती पुढे आली.

"मॅडम, ह्या ताकात चुना आहे," ती म्हणाली. "रोज असतो. आत्या आल्यापासून."

"हेमा, गप्प बस," श्रीपती म्हणाला.

"गप्पच होत्ये इतके दिवस," हेमा म्हणाली, "म्हणून आई इथे आल्या."

तिने उशीखाली हात घातला, मला बाहेर काढलं आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी झाकण उघडलं. आत काठोकाठ चुना होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत. "मी रोज एका हाताने काढत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज दुसऱ्या हाताने घालत होतात." मग त्यांनी ते ताक स्वतः मोरीत ओतलं.

चुना बंद झाला. सलाईन चालू राहिलं, आणखी औषधं आली, सुई होतीच. आणि आता सुईने आपलं काम दाखवलं. कॅल्शियम उतरू लागलं. एका सकाळी दमयंतीने डोळे उघडले आणि विचारलं, अगो हेमा, सुपारी आत घेतलीत की नाही? हेमा तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली. पुढे कोल्हापूरला ऑपरेशन झालं, ती ग्रंथी निघाली. पण दमयंतीच्या मूत्रपिंडांना इजा व्हायची ती झाली. ती आता पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मणका वाकला तो वाकलाच.

माझं काय झालं ते ऐका. गोदा म्हणाली, मेल्या त्या डबीने घात केला. श्रीपतीलाही कुणावर तरी राग काढायचा होता, आणि आत्यावर काढवेना. त्याने मला न्हाणीच्या चुलीपाशी करवंट्यांच्या टोपलीत भिरकावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. आधीच तुमच्यात कुणी कुणाला फसवलं की तुम्ही म्हणता, चुना लावला. फसवायचं तुम्ही आणि नाव चुन्याचं. चुलीच्या धुराने आणि राखेने मी काळी झाले. माझी साखळी तुटली.

मला तिथून दमयंतीनेच काढलं. काठी टेकत ती पाणी तापवायला आली होती. तिने मला चिंच लावून घासलं, साखळी दोऱ्याने बांधली आणि कोनाड्यात ठेवलं. चुना मात्र भरला नाही. तिला आता पान वर्ज्य आहे.

त्याच आठवड्यात गोदाचा गुहागरहून फोन आला. आवाज मोठा असल्याने मला सगळं ऐकू आलं. झालं असं होतं की ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी स्वतः दमयंतीला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. ग्रंथी गेल्यावर भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतात, म्हणून ते आता मापाने द्यावं लागतं. ही बातमी गुहागरला पोचली होती.

"शेवटी कॅल्शियमच दिलंन ना?" गोदा म्हणत होती. "मग वहिनी, माझं काय चुकलं सांग."

दमयंतीने लग्न झाल्यापासून नणंदेला उलट उत्तर दिलं नव्हतं. या वेळी दिलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तहानलेल्याला पाणी द्यायचं असतं. बुडणाऱ्याला नाही."

गोदाने फोन ठेवून दिला. मित्रांनो, माझ्या पितळेचा राग त्या दिवशी जरा निवला. पण जराच. कारण चार दिवसांनी गोदाने एस.टी.बरोबर हाडं सांधायची कसलीशी तपकिरी पूड पाठवून दिली.

दमयंतीने ती पूड फेकली नाही आणि खाल्लीही नाही. तिने माझ्या चिमुकल्या चमच्याने त्यातली नखभर घेतली, माझ्यात घातली आणि झाकण लावलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, बाहेरच्या गोळ्या काही घेता का? दमयंतीने मला टेबलावर ठेवून उघडलं.

"गोळ्या नाहीत हो," ती म्हणाली. "पण घरात हे आलंय. आधी बघा, मग मी खाईन नाहीतर टाकीन."

आता माझं हेच काम आहे. मायेच्या माणसांनी जे जे पाठवलं, त्यातलं नखभर माझ्यातून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जातं. तुमच्या घरीही असं एखादं ताक घुसळलं जात असेल. ते डॉक्टरांना सांगा. विचारलं नाही तरी सांगा, आत्या रागावली तरी सांगा. हेमाने पहिल्याच पेल्याला तोंड उघडलं असतं, तर दमयंतीची मूत्रपिंडं आज शाबूत असती.