माझ्या अक्षरांखालचा उजेड

मी एक जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणजे फार नव्हे, अजून माझी वॉरंटीही संपलेली नाही. पण लॅपटॉपमधून एकदा बाहेर काढलेल्याला नवा तरी कसे म्हणायचे? सध्या मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. मित्रांनो, माझी हकिकत ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. कंटाळा आला तर मध्येच उठून जा, मला वाईट वाटणार नाही. थोडेसे वाटेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. माझ्या प्रत्येक बटणावरचे अक्षर आरपार ठेवले होते आणि खाली दिव्यांचा एक पातळ पापुद्रा घातला होता. तो लागला की माझी अक्षरे उजळत. याचा मला गर्व होता. तो पुढे उतरला.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातून श्रेयसने मला घेतले, पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून, आपल्या आईसाठी. त्याची आई कल्याणीबाई. त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतली माणसे कन्नडमधले सरकारी कागद घेऊन येत. त्या माणसांना कन्नड बोलता येई, वाचता येत नसे. कल्याणीबाई मजकूर मराठीत टाइप करून देत आणि समोर बसवून समजावूनही सांगत. मधुमेहाने त्यांची नजर उतरली होती. पडद्यावरची अक्षरे मोठी करता येतात, बटणांवरची कशी करणार? पण माझी अक्षरे उजळली की त्यांना स्पष्ट दिसत. "हा आहे म्हणून माझं काम चाललंय," असे त्या म्हणत, तेव्हा मी मनातून फुलून जाई.

मग खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी शेतकरी आपले औत पुजतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो. कल्याणीबाईंनी लॅपटॉप पाटावर मांडला, तोही उघडून. मिटलेल्या लॅपटॉपची पूजा म्हणजे देवाची पाठमोरी पूजा, असे त्यांना वाटले. त्यांनी मला हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. एक तांदूळ फटीतून आत शिरला. मला कुणी हात जोडण्याची ती पहिलीच वेळ होती. गुदगुल्या सोसत मी गप्प राहिलो.

पुढे थोड्याच दिवसांत माझ्या उजव्या बाजूचा उजेड गेला. नंतर डाव्या बाजूचाही गेला. कल्याणीबाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आपल्या कुंकवानेच हे झाले, अशी त्यांची खात्री पटली. मुलाच्या पहिल्या पगाराची वस्तू आपण नासवली, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? श्रेयसचा पुण्याहून फोन येई. "आई, लॅपटॉप बरा चाललाय ना गं?" "झकास!" असे म्हणून त्या लगेच जेवणाचा विषय काढीत.

टेबलावर दिवा ठेवून पाहिला, पण काळ्या बटणांवर नुसती चकाकी येई. त्या अंदाजाने टाइप करू लागल्या. मीही जमेल तेवढी साथ दिली, पण दिसत नसलेली अक्षरे मी कशी दाखवणार?

एके दिवशी कणकुंबीकडचे भरमूअण्णा आले. त्यांच्या जमिनीच्या मोजणीची नोटीस होती. कल्याणीबाईंनी मागच्या खेपेला ती मराठीत करून दिली होती.

"आक्का, तुमी मला शेजाऱ्याचं शेत दिलंसा की!" भरमूअण्णा हसत म्हणाले. "कचेरीत समदी हसाय लागली."

सर्व्हे नंबरात आठाच्या जागी नऊ पडला होता. कल्याणीबाईंचा चेहरा उतरला.

"अण्णा, माझ्याच्यानं आता होत नाही. उद्या माझ्या चुकीनं तुमचं शेत जायचं. दुसरीकडं जावा."

"दुसरीकडं लिवून देत्यात, पर समजावून कोण सांगतंय? मी थांबतो."

"कधीपर्यंत थांबणार?"

"तुमी नगं म्हणंपर्यंत."

"आत्ताच नको म्हटलं की!"

"त्ये मी मनावर घेतलं न्हाय," असे म्हणून त्यांनी पटका नीट केला आणि ते निघून गेले.

त्या रविवारी श्रेयस घरी आला. कल्याणीबाईंनी त्याला सगळे सांगितले आणि पदराने डोळे पुसले. तो रागावला नाही. "अगं आई, वॉरंटी आहे की! पुढच्या महिन्यात संपतेय. आधी का नाही बोललीस?"

दुरुस्ती केंद्रात सौरव नावाच्या कारागिराने मला उघडले. टेबलावर कुंकू सांडले.

"आक्का, यावर काय सांडलंतं काय?"

"नाही, नाही," श्रेयस घाईने म्हणाला.

"सांडलं नाही," कल्याणीबाई म्हणाल्या. "मी वाहिलं. खंडेनवमीला."

सौरवने आपली हत्यारांची पेटी पुढे सरकवली. तिच्यावरही कुंकवाचे बोट होते. "आमी बी लावतो की. पर माझ्या पेटीत दिवा न्हाय, आक्का!" मग तो गंभीर झाला. "कंपनीला फोटो पाठवाय लागतो. कुंकू दिसलं की ती माणसं वॉरंटी नाकारत्यात, पुढचं बघत न्हाईत. पुसून घेऊ काय?"

"कुंकवानंच बिघडलं असेल तर पुसून काय होणार? आधी ते बघा."

त्याने पापुद्रा उचलला. कुंकू वरच थांबले होते, खाली एक कणही नव्हता. दिव्याच्या तारेचे टोक मात्र सुटले होते. कारखान्यातच ते नीट बसले नव्हते. आता ते जोडता येत नव्हते, अख्खा कीबोर्डच बदलावा लागणार होता. म्हणजे मित्रांनो, मी जन्मापासूनच अधू होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"म्हणजे माझ्यामुळं नाही?"

"न्हाय, आक्का."

कल्याणीबाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मग पुसता कशाला? कुंकूही दिसू दे आणि तारही दिसू दे."

"आई!" श्रेयस म्हणाला. त्यांनी ऐकले नाही.

उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. कंपनीने नकार दिला असता तर कल्याणीबाईंचे काम सुटले असते. नव्या कीबोर्डसाठी मुलाला त्यांनी पुन्हा खर्चात पाडले नसते. होकार आला तर मला जावे लागणार होते. कोणते मागावे, मला ठरवता येईना. शेवटी मी होकार मागितला. तो खऱ्या मनाने मागितला का, ते अजून मला नीटसे सांगता येत नाही.

होकार आला. माझ्या जागी नवा कीबोर्ड बसला. बाजूला पडल्या पडल्या मी त्याची अक्षरे उजळताना पाहिली. कल्याणीबाईंनी भरमूअण्णांचा सर्व्हे नंबर टाइप केला, तीनदा वाचला आणि तिथूनच फोन लावला. "अण्णा, उद्या नोटीस घेऊन या." पलीकडून काय उत्तर आले कळले नाही, पण त्या मोठ्याने हसल्या. निघताना त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "लई राबला हो हा," त्या सौरवला म्हणाल्या.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, फक्त आधी झाकण मिटून घ्या. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. कल्याणीबाई इतके दिवस स्वतःला बोल लावत राहिल्या, आणि दोष होता माझ्यात. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आम्ही फक्त विझून दाखवतो. तुमच्या घरात असे काही विझलेले दिसले, तर ते कुणामुळे विझले हे मनाशी ठरवत बसू नका. त्याच दिवशी आपल्या माणसाला सांगा.