दूधवाल्याच्या लेकीचे पोट

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायला बसले की प्रत्येकाला आधी आपले मोठेपण आठवते. मला मात्र आधी लाजच आठवते. मी एक जुनी, जाड बुडाची, दूध तापवायची पातेली आहे. माझी कड एका बाजूने चेपली आहे आणि झाकण केव्हाच हरवले आहे.

एका कारखान्यात यंत्राने पोलादाच्या गोल पत्र्यावर दाब दिला आणि मला पोट आले. बुडाला आणखी एक जाड चकती बसवली, म्हणून माझ्यात दूध सहसा करपत नाही. एका दूधवाल्याने मला बोटांनी वाजवून पाहिले आणि पसंत केले. त्याचे दुकान रस्त्याच्या वळणावर होते. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे घर. पडद्याच्या अलीकडे, शेगडीवर माझी जागा ठरली. तिथून दुकान दिसे आणि घरातले बोलणे ऐकू येई.

सकाळी टपालवाला, बसचालक, रात्रपाळी संपवून घरी निघालेले कामगार गरम दूध प्यायला येत. "इथल्या दुधाची चवच वेगळी," ते म्हणत. "ती चव दुधाची नाही, पातेलीची," दूधवाला सांगे. हे ऐकून मी फुगून जात असे.

दूधवाल्याला एकुलती एक लेक होती. डोळ्यांनी घारी, म्हणून तिला सगळे मनी म्हणत. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या बाबांना एक कल्पना सुचली. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून मनीने दुकानात उभे राहायचे आणि सगळ्यांसमोर पेलाभर दूध प्यायचे.

"बघा, ही आमची जाहिरात. वेगळी पाटी कशाला हवी?" ते म्हणत. गिऱ्हाइके हसत, मनीच्या लाल गालांचे कौतुक करत. मनी डोळे मिटून एका दमात पेला रिकामा करी. तिला दूध फार आवडते, असे मला वाटे.

"बाबा, पोटात गुरगुरतं," ती सांगायची.

"मांजर कधी दुधाला नाही म्हणतं का? शाळा चुकवायचे बहाणे आहेत सगळे."

मनीची आई शिवणकामाच्या कारखान्यात जायची. तिने दोनदा विषय काढला. "रोजच का दुखतं हो? एकदा डॉक्टरांना दाखवून आणू."

"आणि डॉक्टरांना सांगायचं काय? दूधवाल्याच्या पोरीला दूध बाधतं? लोक तोंडात बोटं घालतील."

आई डबा घेऊन कामावर निघून गेली. तिसऱ्या वर्षी मनीने स्वतःच वाट काढली. बाबा गिऱ्हाइकांत गुंतले की ती पेला घेऊन पडद्यामागे जाई आणि दूध मोरीत ओती. एके दिवशी बाबांना मोरीत पांढरा ओघळ दिसला. त्यांनी हात उगारला नाही. माझ्यातून पुन्हा पेला भरला आणि तो संपेपर्यंत तिच्यासमोर उभे राहिले.

मित्रांनो, पातेलीला नाही म्हणता येत नाही, हे खरे. पण त्या दिवशी नाही म्हणावे असे मला वाटलेही नाही. माझे दूध मोरीत ओतते म्हणजे काय, या विचाराने मला त्या एवढ्याशा पोरीचा राग आला होता. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात भर दुपारी मनी एकटीच घरी आली. स्वेटर अंगात नव्हता, कमरेला बांधला होता. दुकानात गिऱ्हाईक होते. बाबांनी वर न बघताच विचारले, "सुटली का शाळा लवकर? बरं झालं, ये, दूध घे पेलाभर."

मनी भिंतीला पाठ घासत, कोणाकडे न बघता पडद्यामागे गेली. न्हाणीघराची कडी वाजली. पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

शाळेत काय झाले ते संध्याकाळी आईच्या तोंडून कळले. तोंडी परीक्षा चालू होती. मनीने बाहेर जायची परवानगी मागितली. बाई म्हणाल्या, तुझं रोजचंच आहे, बस खाली. ती बसली, आणि बाकावरच तिचे कपडे खराब झाले.

"आता लोक काय म्हणतील ते तुम्ही बघा," आई म्हणाली. "मी उद्या तिला घेऊन जाते."

डॉक्टरीणबाईंनी दूध काही दिवस बंद करायला लावले, मग तपासणी केली. निकाल ऐकायला बाबाही गेले. दुधात एक साखर असते, ती पचवणारा रस मनीच्या पोटात पुरेसा तयार होत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. हे ढोंग नाही आणि यात लाजण्यासारखेही काही नाही. फक्त दुधातून जे मिळत होते, ते दुसरीकडून मिळायला हवे.

बाबांना वाटले, गाईचे चालत नाही तर शेळीचे चालेल. ते मोठ्या हौसेने शेळीचे दूध घेऊन आले आणि मी ते तापवले. रात्री मनी पोट धरून पडली. शेळीच्या दुधातही तीच साखर असते, हे बाबांना ठाऊक नव्हते. आयुष्यभर दूध विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते, याची त्यांना फार लाज वाटली.

मग माझ्यात दुधाऐवजी नवी नवी पेये येऊ लागली. तांदळाचे अगदी पाण्यासारखे लागे. बदामाचे मनीला आवडले, पण आईने चष्मा लावून खोक्यावरचा मजकूर वाचला. "नाव बदामाचं आणि बदाम औषधापुरता," ती म्हणाली. ओट नावाच्या धान्याचे माझ्या बुडाला असे चिकटले की आईला काथ्याने घासावे लागले. बाबांनी ती न पचणारी साखर आधीच फोडून ठेवलेले खरेखुरे दूधही आणले. त्यात त्यांचा जीव अडकला होता.

"हे दूधच आहे गं, पण तुला पचेल."

"पचेल बाबा, पण वासानेच घसा बंद होतो."

बाबांचा हात पेल्यावर होता. आईने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पेला मागे घेतला.

शेवटी मनीने सोयाचे निवडले. साखर न घातलेले, वरून कॅल्शियम मिसळलेले. पहिल्या घोटाला तिने नाक मुरडले, दुसऱ्या दिवशी त्यात थोडा कोको ढवळला आणि पेला संपवला. पोट शांत राहिले.

पण बाबा ते खोके वर्तमानपत्रात गुंडाळून आणत. एका सकाळी कागद फाटला आणि टपालवाल्याला खोके दिसले. "काय हो, दूधवाल्याच्या घरात सोयाचं दूध?"

"शेजाऱ्यांचं आहे," बाबा म्हणाले.

पडद्याआड मनी बुटाची नाडी बांधत होती. तिने ऐकले. ती मागच्या दाराने शाळेला गेली आणि संध्याकाळी बाबांशी एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी बाबांनी मला शेगडीवर विसरून ठेवले. दूध उतू गेले, पण ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या सकाळी दुकान भरलेले असताना त्यांनी मनीला हाक मारली आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

"कालचं खोकं शेजाऱ्यांचं नव्हतं," ते म्हणाले. "आमचंच आहे. माझ्या लेकीला दूध सोसत नाही. ती सांगत होती, मी ऐकत नव्हतो. लोकांत शोभा नको म्हणून मी तिला रोज आजारी पाडलं."

टपालवाल्याने हळूच अर्धा पेला खाली ठेवला.

"मालक, खरं सांगू? मलाही सोसत नाही. दुपारपर्यंत पोट धरून पत्रं वाटतो. तुमच्या भिडेखातर पितो झालं."

बाबांनी तो पेला उचलून घेतला. दुकानात हशा पिकला. मनी मात्र हसली नाही. तिने बाबांच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिले आणि मग ती पुढच्या दाराने शाळेला गेली.

नंतर दुकानात दूध तापवायचे मोठे यंत्र आले आणि मला आत धाडले. कितीतरी दिवस मी फळीवर धूळ खात पडले होते. पूर्वी मला याचे वाईट वाटले असते. आता मनी कधी मला खाली काढते, खोके नीट हलवते आणि मंद आचेवर पेय गरम करते. चटका लागतो म्हणून बाबा पक्कड पुढे करतात. "पोट कसं आहे?" ते विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण घरात कोणी पोटावर हात ठेवून काही सांगू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवा आणि ऐका. आणि दुखणारे पोट तुमचेच असेल, तर लाजू नका. आमच्या मनीला तीन वर्षे सांगावे लागले.