उभा राहिलेला नारळ

धोंडप्पांनी भाडं जवळजवळ दुप्पट केलं, तेव्हा गोपाळला धोंडप्पांपेक्षा स्वतःच्या उजव्या हाताचाच जास्त राग आला. हे सगळं त्या हातानंच करून ठेवलं होतं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत धोंडप्पांच्या मागच्या दोन खोल्यांत गोपाळ, त्याची बायको प्रेमला आणि नववीतली मुलगी ओवी अकरा वर्षं राहत होते. गोपाळ एका खासगी शाळेत क्लार्क. मूळचा माढ्याकडचा. त्याच्या घराण्यात जमिनीतलं पाणी बघायची विद्या होती. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी पुढे करायची आणि अनवाणी चालत राहायचं; खाली झरा असेल तिथं नारळ आपसूक उभा राहतो. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्राला ठाऊक, पण गोपाळच्या वडिलांनी दाखवलेल्या जागेवर कितीतरी विहिरी अजून भरलेल्या आहेत. त्यांचे नियम दोनच. पाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि नारळ हातात असताना खोटं बोलायचं नाही. पाणी सापडलं तर नारळ तिथंच फोडून खोबरं सगळ्यांना वाटायचं. नाही सापडलं तर अखंड नारळ मालकाला परत.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. बादल्या, कळश्या, पिंपं, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात धोंडप्पाच म्हणाले होते, "भाऊसाहेब, तुमी आमच्या परसात जरा बघा की." गोपाळनं बघितलं. कण्हेरीपाशी नारळ उभा राहिला, तिथं बोअर घेतली आणि पाणी असं लागलं की गल्लीतल्या पोरांनी त्या गढूळ धारेखाली अंघोळी केल्या. खोबरं सगळ्या गल्लीनं खाल्लं.

आता तेच धोंडप्पा झोपाळ्यावर बसून सांगत होते, "करमाळा, माढा, इंडी, कुटनं कुटनं लोक यायलेत. कॉलेजं, दवाखाने, कारखाने, सगळं हितंच की. काल एक जोडपं आलं. खोल्या बघितल्या बी न्हाईत. पहिलं विचारलं, बोअर हाय का?"

"पण मालक, ते पाणी कुणी दाखवलं?"

"तुमीच की! मी विसरलो व्हय? म्हणून तर पहिलं तुमाला विचारायलो."

माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. धोंडप्पांनी वर चहा पाजला.

मग महिनाभर घरं बघणं झालं. एजंट नावाची जमात गोपाळला आधी ठाऊक नव्हती, ती ठाऊक झाली. जिथं पाणी तिथलं भाडं ऐकून पायाखालची जमीन सरके, आणि जिथलं भाडं झेपेल तिथं पाण्याच्या नावानं शिमगा. प्रत्येक दारात आधीच कुणीतरी उभं असायचं, हातात पिशवी, कडेवर पोर, तोंडात एकच प्रश्न. गोपाळला त्यांचा लई राग यायचा. मग आठवायचं की आपणही असेच माढ्याहून आलो होतो, आणि तो राग कुठं ठेवावा हेच कळेनासं व्हायचं. घरी आला की तो चपला भिंतीवर आदळायचा आणि ओवी पुस्तक घेऊन दारात जाऊन बसायची.

शेवटी अक्कलकोट रोडला, नाक्याच्या पुढं, कल्लप्पाची चाळ सापडली. मुरमाड माळावर एका ओळीत सहा खोल्या. झाड नाही, सावली नाही, तीन दिवसांनी टँकर. पण भाडं झेपणारं होतं आणि ओवीच्या शाळेची बस नाक्यावर थांबत होती. सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात प्रेमला कौतुकानं बोलून गेली, "आमच्या ह्यांना पाणी बघता येतं."

कल्लप्पा एकदम सरळ बसला. "मग भाड्याचं नंतर बोलू. रविवारी आधी पाणी बघा. पाणी लागलं की वरती मजला टाकतो. मग ह्याच खोल्यांचं भाडं बघा कुठं जातंय!"

गोपाळनं प्रेमलाकडं बघितलं. तिनं जीभ चावली, पण आता काय उपयोग?

रविवारी सकाळी चाळीतली सगळी बिऱ्हाडं दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या खोलीत निंगव्वा नावाची म्हातारी एकटी राहायची. गुडघे गेलेले, तरी टँकरवरून कळशी स्वतःच आणायची. ती उंबऱ्यात बसून हात जोडून बघत होती. गोपाळनं चपला काढल्या, नारळ हातावर घेतला आणि चालू लागला. मनात तो एकच घोकत होता, नको सापडू, बाबा, नको सापडू.

पाच दारं कोरडी गेली. निंगव्वाच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर तळहातात ती ओळखीची थरथर आली. नारळ बूड टेकून उठू लागला. कण्हेरीपाशीही इतक्या जोरानं उठला नव्हता.

गोपाळनं डोक्याचा रुमाल काढला, घाम पुसायचं सोंग केलं आणि त्या रुमालाच्या आडून अंगठ्यानं नारळ दाबून धरला. तसाच तो कुंपणापर्यंत गेला.

"कोरडं आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

कल्लप्पाचं तोंड उतरलं. "मग काय, आधी ठरलेलंच भाडं द्या." गोपाळनं नियमाप्रमाणं नारळ परत केला, तर कल्लप्पानंच तो प्रेमलाच्या हातात दिला. "ठेवा वहिनी, चटणीला होईल."

परत जाताना रिक्षात प्रेमला हळूच म्हणाली, "म्हातारीच्या दारापाशी तुमचा हात थांबला."

गोपाळनं रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवलं. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण नारळ काही फोडला नाही. नव्या घरात तो फळीवर डब्यांमागं ठेवून दिला.

राहायला आल्यावरचा पहिला टँकर आला, तेव्हा दहा मिनिटांत माळावर जत्रा भरली. ढकलाढकली, शिव्या, पाइपची ओढाताण. गोपाळच्या दोन बादल्या भरल्या. निंगव्वाचा नंबर येईपर्यंत टँकर संपला. ती रिकामी कळशी घेऊन परत निघाली आणि दारापासून चार पावलांवर दम खायला थांबली. गोपाळ धावत गेला आणि आपली एक बादली तिच्या कळशीत ओतू लागला.

"तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती त्याला हाक मारायची. "तू त्या दिवशी नीट बघितलास न्हवं? पाणी खरंच न्हाई हितं?"

आपण कुठं उभे आहोत हे गोपाळला कळत होतं. तळव्यांना मुरूम पोळत होता. आत फळीवर नारळ होता. नुसतं आणून तिच्यासमोर हातावर धरला असता तरी पुरे होतं. मग मजला चढला असता, भाडं चढलं असतं, ओवीला घेऊन पुन्हा दारोदार हिंडावं लागलं असतं. आणि ही म्हातारी तरी कुठं राहिली असती, असंही त्यानं स्वतःला सांगून बघितलं. ते त्याला पटलं नाही.

"न्हाई, अव्वा. कोरडं हाय."

"तू म्हणलास म्हंजे न्हाईच," निंगव्वा म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अर्धी भरलेली कळशी कमरेवर घेतली.